अर्जातली एक चौकट : रोजनिशीतील पाने

शिरूर, शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

कालच्या निकालाची बातमी आजच्या पेपरात आतल्या पानावर सापडली. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की इमारती, वाहनं, संकेतस्थळं अपंगांना वापरता येतील अशी करण्याचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही. सरकारनं तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा, त्याखालचे नियम २०१७चे, आणि करायलाच हवं हे सांगायला २०२४ उजाडलं. कात्रण कापून वहीत चिकटवलं.

दुपारी न्हावऱ्याकडची माझी जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. बी.एस्सी. ॲग्री पहिल्या वर्गात झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, शाळेत जायच्या आधीपासून यंत्रं आहेत. तिला इंग्लंडला मृदाशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे. कारण घरचंच आहे. घोड कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि वीस-पंचवीस वर्षांत खालच्या अंगाची जमीन चोपण झाली. उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. पाण्याचा ताण आणि पाण्याचा अतिरेक एकाच शिवारात का, हे तिला शिकायचंय. हौसेनं परदेशी निघालेली ही मुलगी नाही.

आम्ही बोलत होतो तोच प्रचाराची रिक्षा दारावरून गेली. तिनं दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली आणि रिक्षा वळेपर्यंत गप्प बसली. यंत्र आवाज मोठा करतं, नीट निवडून देत नाही. माणसाचा शब्द आणि भोंग्याचा कर्कश सूर दोन्ही वाढतात. तिच्या वर्गातल्या किती शिक्षकांना हे ठाऊक होतं, देव जाणे.

अर्जात एक चौकट आहे: तुम्हाला काही अपंगत्व आहे का? हो किंवा नाही.

वडील म्हणाले, “मॅडम, नाही लिवा. आधीच परका मुलूख. हो म्हणलं की पहिल्या चाळणीतच गळंल पोरगी.”

त्यांची भीती पोकळ नाही. स्थळ बघताना, नोकरीच्या मुलाखतीत, अगदी बचत गटातसुद्धा ‘हो’ म्हटल्यावर काय होतं ते त्यांनी बघितलंय. मी सांगितलं की ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यानुसार अपंगत्वामुळे प्रवेश नाकारणं बेकायदा आहे, आणि तो कायदा तिथं शिकायला आलेल्या परदेशी मुलांनाही लागू आहे. ते मान हलवत राहिले, पण पटलेलं दिसलं नाही. कायदा आणि चाळणी यांच्यात किती अंतर असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मुलगी मात्र म्हणाली, “नाही लिहिलं, तर तिथं गेल्यावर मागू कशाच्या जोरावर?”

चौकट आज कोरीच ठेवलीय.


शिरूर, गुरुवार, १४ नोव्हेंबर

इंग्लंडच्या विद्यापीठाच्या अपंग सहाय्य कक्षाला परवा पत्र धाडलं होतं, तिचं नाव न देता. उत्तर आलं. सभ्य, सविस्तर. त्यांना वैद्यकीय पुरावा हवाय, आणि त्यात लिहिलेलं हवंय की वर्गात, प्रयोगशाळेत, परीक्षेत आणि वसतिगृहात तिला नेमकी कुठं अडचण येईल आणि त्यावर काय केलं तर काम होईल.

मी तिचं प्रमाणपत्र काढून बघितलं. त्यावर टक्केवारी आहे, फोटो आहे, शिक्का आहे, ‘कायमस्वरूपी’ असा शेरा आहे. तिला किती ऐकू येतं ते आहे, पण पंख्याखाली किती, तीस जणांच्या वर्गात किती, समोरच्यानं तोंड फिरवल्यावर किती, यातलं काहीच नाही. आपली सगळी व्यवस्था चाळीस टक्क्यांच्या रेषेभोवती उभी आहे. चाळीसच्या वर गेलात की राखीव जागा, सवलत, शिष्यवृत्ती; खाली राहिलात तर काही नाही. म्हणून घरची माणसं वर्षानुवर्षं टक्के मोजून घेण्यात दमतात, आणि मुलीला काय लागतं हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तिलासुद्धा तो आज पहिल्यांदा विचारला गेला. खूप वेळ पेन हातात धरून बसली. मग लिहिलं: पुढच्या बाकावरची जागा. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. व्याख्यान आधी लिखित मिळावं.

एवढंच? म्हटलं, अजून लिही. ज्याला आयुष्यभर थोडक्यात भागवायला शिकवलंय, त्याला मागायलाही शिकवावं लागतं.

श्रवणतज्ज्ञांकडून सविस्तर अहवाल करून घ्यायचा आहे. इथं तालुक्याला ते होणार नाही, पुण्याला जावं लागेल. म्हणजे वडिलांचा एक दिवसाचा खाडा.


दौंड, रविवार, २४ नोव्हेंबर

निवडणुकीच्या निकालाचे फटाके कालच संपले, रस्त्यावर कागदाचा लाल कचरा तसाच आहे. सकाळी एसटीनं चौफुला, तिथून दौंड. मैत्रिणीच्या मुलाला भेटायचं होतं. जन्मापासून दिसत नाही. वडील रेल्वेत, घर रेल्वे कॉलनीत. इतिहासात एम.ए. केलंय आणि मनमाड लाइन घालणाऱ्या मजुरांवर संशोधन करायचं म्हणतोय. इंजिनाच्या आवाजावरून गाडी कोणती ते सांगतो, पण त्याचं कौतुक केलेलं त्याला आवडत नाही. त्याच्याशी कागदपत्रांबद्दल बोललं की तो खुलतो.

तो एनव्हीडीए वापरतो. पडद्यावरचं वाचून दाखवणारी ही प्रणाली फुकट मिळते. २००६मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ती करायला घेतली, कारण विकतच्या प्रणाली सामान्य अंध माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला मुलगा आज इंग्रजी नियतकालिकं वाचतो ती त्या दोघांमुळे.

आणि त्याला पीएच.डी.साठी जायचंय तेही ऑस्ट्रेलियालाच. म्हणून तिथल्या व्हिसाचे नियम एकत्र बसून वाचले. आरोग्याची एक अट आहे: अर्जदाराच्या मुक्कामात त्याच्यावर होणाऱ्या आरोग्य आणि समाजसेवांचा अंदाजी खर्च ठरावीक रकमेच्या वर जात असेल, तर व्हिसा नाकारता येतो. नुसतं दिसत नाही म्हणून त्याचा खर्च त्या रकमेपर्यंत जाईल असं मला वाटत नाही. पण ज्या मुलांना कायमची वैद्यकीय देखभाल किंवा मदतनीस लागतो, त्यांचं काय? भेदभाव रोखणारा त्यांचा १९९२चा कायदा आहे, पण स्थलांतराच्या कायद्याला त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे विद्यापीठाच्या फाटकाच्या आत समता, आणि विमानतळावर खर्चाचा हिशेब. एका देशातून जगभरच्या अंधांना वाचायचं साधन मिळालं, त्याच देशाच्या दारात अपंग माणसाकडे खर्च म्हणून बघितलं जातं. हे मला फार लागलं.

अर्ज भरताना वेगळीच अडचण. शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र येतं, ते वाचून लिहायचं, म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे ठरतं. काही ठिकाणी त्याला आवाजाचा पर्याय असतो, इथं नव्हता. तो म्हणाला, “मावशी, मी माणूस आहे हे सिद्ध करायला मला दरवेळी शेजारच्याला हाक मारावी लागते.”

पुस्तकांचं विचारलं. २०१३चा माराकेशचा करार त्याला तोंडपाठ आहे. अंधांना वाचता येतील अशा प्रती करायला आणि एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायला लेखक-प्रकाशकांच्या हक्काची आडकाठी राहू नये, असा तो करार. आणि त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत, २०१४ साली. पण त्याला लागतात जुनी मराठी पुस्तकं, सरकारी अहवाल. ते कुणीतरी स्कॅन करून ठेवलेत, म्हणजे नुसते फोटो. प्रणाली त्यावर येऊन मुकी होते. अक्षर ओळखणारी साधनं जुन्या खिळ्यांच्या देवनागरीपुढे अडखळतात. आई संध्याकाळी वाचून दाखवते, तो टिपणं घेतो. आई कंटाळत नाही, पण त्याला तिच्या वेळेवर जगावं लागतं.

भारत सरकारची अपंग विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशातून वर्षाला २० जण, त्यातल्या ६ जागा मुलींसाठी. वीस! एका पुणे जिल्ह्यातून वीस लायक मुलं मी दाखवून देते.


शिरूर, मंगळवार, ३ डिसेंबर

जागतिक अपंग दिन. एका कार्यक्रमाला बोलावलं होतं. व्यासपीठावर जायला पाच उंच पायऱ्या, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचा सत्कार खाली, आणि पाहुण्यांना फोटोसाठी वाकावं लागलं. खुणांच्या भाषेचा दुभाषा नव्हता. भाषणांत ‘जिद्द’ हा शब्द सारखा येत होता.

दोन वर्षांपूर्वी याच दिवशी राज्यात दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं जाहीर झालं, तेव्हा मनापासून आनंद झाला होता. आजही खातं हवंच. पण जिद्दीचं हे कौतुक मला सोसत नाही. मुलानं मात केली म्हटलं की पायऱ्या तशाच ठेवायला आपण मोकळे होतो.


केडगाव, रविवार, १५ डिसेंबर

आज दोघांनाही केडगावला नेलं. दौंडचा मुलगा गाडीनं आला, आम्ही न्हावऱ्यावरून. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, गुऱ्हाळांचा धूर, हवेत गोड जळका वास. बाजारपेठ ओलांडून पंडिता रमाबाई मुक्ती मिशनच्या आवारात गेलो. चिंचेची झाडं, दगडी प्रार्थनामंदिर, शांत रस्ते. दौंड तालुक्यातल्या शाळांच्या सहली इथं येतात आणि रमाबाई म्हणजे दुष्काळातल्या बायकांना आसरा देणारी माउली एवढं ऐकून परत जातात. ते खरंच आहे. १८९६-९७चा आणि १९००चा दुष्काळ, मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आणलेल्या मुली, इथल्या माळावरच्या विहिरी, दीड हजारावर माणसांचं रांधणं. पण मी या दोघांना इथं दुसऱ्याच रमाबाईंसाठी आणलं होतं: परदेशी शिकायला गेलेल्या, कानांनी अधू असलेल्या विद्यार्थिनीसाठी.

१८५८चा जन्म. विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृत ऐकून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८२मध्ये विधवा होऊन कडेवरच्या लेकीला, मनोरमेला, घेऊन पुण्यात आल्या. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष दिली की या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात. मग ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून भाड्याची सोय केली आणि १८८३मध्ये इंग्लंडला निघाल्या, डॉक्टर व्हायला.

तेव्हा दार उघडं होतं, ही गोष्ट मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगितली. लंडनमध्ये बायकांसाठी वैद्यकीय शाळा १८७४पासून चालू होती. बाई म्हणून बंद असलेलं दार नुकतंच किलकिलं झालं होतं. रमाबाईंची वाट अडली ती कानांपाशी. ऐकू येणं कमी होत चाललं होतं, आणि बहिऱ्या बाईला वैद्यक शिकता येणार नाही असं ठरलं. ज्या बाईनं हजारो श्लोक कानांनीच घेतले होते, आईच्या तोंडून ऐकून पाठ केले होते, तिला हे ऐकावं लागलं.

मुलगी एकदम म्हणाली, “पण मॅडम, त्यांनी ते सोडून दुसरं केलंच की.” हो, केलं. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील या मुख्याध्यापिका भेटल्या. रमाबाई तिथं गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. बीलबाईंनी त्यांच्यातली विद्या ओळखून त्यांना जागा करून दिली, याचा मला आदर आहे. पण एवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही. वाट वळली म्हणून मोठं काम उभं राहिलं हे खरं असेल, तरी डॉक्टर रमाबाई आपल्याला मिळाल्या नाहीत, हे नुकसान त्या कामानं भरून येत नाही. दुष्काळात केडगावच्या माळावर दीड हजार आजारी, उपाशी बायका आल्या, तेव्हा डॉक्टर असलेल्या रमाबाई काय करू शकल्या असत्या?

१८८६मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ बघायला. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. नात्यातलीच बाई, आणि आपल्याला नाकारलेलं शिक्षण तिला मिळताना समोर बसून बघायचं. रमाबाईंच्या मनात काय आलं असेल त्याचा अंदाज मी करणार नाही. पुढे तिथं त्या लिहीत, बोलत, बालवाडीचं शिक्षण अभ्यासत दोन वर्षांहून जास्त राहिल्या. त्याच काळात, १८८७मध्ये, वॉशिंग्टनच्या बधिरांच्या कॉलेजनं मुलींना पहिल्यांदा घेतलं. आज ते गॅलॉडेट विद्यापीठ आहे, लिंकनच्या सहीनं १८६४मध्ये पदवी देण्याचा अधिकार मिळालेलं. म्हणजे ऐकू न येणाऱ्या माणसाला उच्च शिक्षण देता येतं हे जगाला तेव्हाच माहीत होतं. गॅलॉडेटनं ते करून दाखवलं होतं, बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही.

उतारवयात याच आवारात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं. ते इथल्याच छापखान्यात, इथल्याच बायकांनी छापलं.

बाकावर बसून डबा खाल्ला. दौंडचा मुलगा म्हणाला, आजही तेच चाललंय ना. चाललंय, आणि थोडं बदलतंयसुद्धा. याच वर्षी १५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात कारणांसह निकाल दिला. वाचा आणि भाषेची अडचण असलेल्या विद्यार्थ्याला एमबीबीएसची जागा टक्केवारीवरून नाकारली होती. न्यायालयानं म्हटलं, नुसत्या टक्क्यांवरून अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम करू शकेल का हे तज्ज्ञांनी तपासून सांगावं लागेल. स्टेथोस्कोपचा आवाज वाढवणारी, पडद्यावर उमटवणारी यंत्रं आज मिळतात. रमाबाईंना निदान कुणी तपासून तरी बघायला हवं होतं.

परतताना मुलीनं चौकटीत ‘हो’ लिहायचं ठरवल्याचं सांगितलं. वडिलांना कसं सांगायचं, ते ती बघून घेणार आहे.


शिरूर, शनिवार, ४ जानेवारी २०२५

ब्रेल दिन. केडगावच्या दिवशी वेळ कमी पडला म्हणून मनोरमाबाईंचं राहून गेलं होतं, ते आज दोघांना फोनवर सांगितलं. म्हणजे तिला लिहून पाठवलं, त्याला बोलून.

रमाबाईंची ही मुलगी अमेरिकेत शिकायला गेली, तिथं ब्रेल शिकली आणि परत येऊन मुक्तीतल्या अंध मुली-बायकांना वाचायला शिकवू लागली. सगळ्या देशात मराठीसकट सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरलं ते १९५१मध्ये. त्याच्या पन्नास वर्षं आधी केडगावच्या माळावर बोटांनी वाचणाऱ्या बायका होत्या. परदेशी शिक्षण म्हटलं की आपण मुलाची पदवी आणि पगार मोजतो. इथं एक मुलगी गेली आणि येताना एका तालुक्यासाठी लिपी घेऊन आली.


शिरूर, रविवार, १९ जानेवारी

आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी. ऐकण्याची परीक्षा हाच डोंगर. ध्वनिफीत लावतात, एकदाच, वेगवेगळ्या ढबीचे आवाज. ओठ वाचणाऱ्यांसाठी वेगळी सोय मागता येते, त्यात समोर माणूस बसून मजकूर वाचतो. मोठ्या अक्षरांच्या आणि ब्रेलमधल्या प्रश्नपत्रिकाही असतात. पण यासाठी बऱ्याच आधी, पुराव्यासकट अर्ज करावा लागतो. गावातल्या किती मुलांना कोण सांगणार?

आज तिनं मला ओठ वाचणं म्हणजे काय ते शिकवलं. आवाज न काढता म्हणाली: पाय, बाय, माय. तिन्हींचे ओठ सारखे! तिला संदर्भावरून ओळखावं लागतं, आणि संदर्भ मराठीत तिच्या रक्तात आहे. इंग्रजीचे ओठ तिला माझेच माहीत, म्हणजे शिरूरचे. तिथल्या प्राध्यापकाचे ओठ वेगळे हलणार, कुणाला दाट मिश्या असणार, कुणी बोलताना हसणार. म्हणून बोलणं पडद्यावर उमटवणारे लिखित मथळे हवेत. शेजारी बसून कुणीतरी समजावून सांगेल, या भरवशावर एम.एस्सी. होत नाही. यूट्यूबवरचे यंत्रानं दिलेले मथळे आम्ही तपासून बघितले. मातीच्या क्षारतेवरच्या एका व्याख्यानात नेमके शास्त्रीय शब्दच चुकत होते. पाठ करायचे तेच चुकीचे दिसले तर काय उपयोग?


न्हावरे, रविवार, ९ फेब्रुवारी

अटी घालून का होईना, प्रवेश देऊ केल्याचं पत्र आलंय. चौकटीत ‘हो’ असूनही. वडिलांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग पडवीत बसून पैशाचा हिशेब. फी वेगळी. व्हिसासाठी, राहण्याखाण्याचे म्हणून लंडनबाहेर महिन्याला १,१३६ पौंड, असे नऊ महिन्यांचे, आधीच खात्यावर दाखवायचे. गेल्या महिन्यातच हा आकडा वाढवलाय. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. ऊस गेलाय, बिलाचा हप्ता यायचाय. बँक तारण मागते, आणि तारण म्हणजे तीच चोपण होत चाललेली जमीन.

“यंत्राचं सेल तिथं मिळत्याल का? महाग असत्याल,” आईनं आतून विचारलं. हा प्रश्न आईलाच सुचला. सांगितलं, अधिभार भरला की तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरता येते, त्या सेवेतून यंत्रं वापरायला मिळतात, सेलही. त्या घरात आज एवढंच उत्तर निखळ समाधानाचं निघालं.

कारण खरा प्रश्न पुढे आहे. ब्रिटनमधल्या अपंग विद्यार्थ्याला सरकारकडून अपंग विद्यार्थी भत्ता मिळतो. लेखनसहाय्य, उपकरणं, दुभाषा यांचा खर्च त्यातून निघतो. परदेशी विद्यार्थ्याला तो भत्ता नाही. कायदा विद्यापीठावर योग्य त्या सोयी करण्याचं बंधन घालतो आणि गरज आधीच ओळखून तयारी ठेवा असंही सांगतो. पण पैसे विद्यापीठानं आपल्या पदरचे घालायचे. म्हणजे शेजारच्या बाकावरच्या ब्रिटिश मुलीला जे हक्कानं मिळेल, त्यासाठी आमच्या मुलीला विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाकडे बघावं लागणार. आणि परदेशी मुलांकडून फी मात्र कितीतरी जास्त घेतात. हा अन्याय आहे, आणि तो मी पत्रात सौम्य शब्दांत पण स्पष्ट लिहिलाय.

रस्ता नाही असंही नाही. जर्मनीची डाड ही संस्था शिष्यवृत्ती देताना अपंगत्वामुळे येणारा जादा खर्च वेगळा मागू देते. युरोपातल्या विद्यापीठांमध्ये मुलांची ये-जा घडवणाऱ्या इरॅस्मस योजनेतही तशी तरतूद आहे. एवढंच करायचं असतं: फी, विमान, राहणं-खाणं यांच्या खाली आणखी एक ओळ. आपल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी शिष्यवृत्तीत ती ओळ आली पाहिजे. मदतनीस लागणाऱ्या मुलाला मदतनिसाचं भाडं, बहिऱ्या मुलीला मथळ्यांचा खर्च, अंध मुलाला पुस्तकं वाचनीय करून घेण्याचा. नाहीतर ज्यांच्या घरी पैसा आहे तेच अपंग विद्यार्थी परदेशी जाणार.

निघताना वडिलांनी विचारलं, “तिथं हिला कोण बघंल?” मी म्हटलं, बघायला कुणी नको, समोर बघून बोलणारी माणसं हवीत. ते काही बोलले नाहीत. सायकलच्या हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी माझ्या हातात दिली.


शिरूर, रविवार, २ मार्च

विद्यापीठाच्या सहाय्य कक्षाशी पडद्यावरून बोलणं झालं. त्यांनी न सांगता मथळे लावले होते. शब्द उमटायला क्षणभर उशीर व्हायचा. बोलणाऱ्या बाई प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या, हात तोंडाजवळ नेत नव्हत्या. तासाभरात ती कॉलेजच्या चार वर्षांत बोलली नसेल एवढी बोलली. वर्गात टिपणं घेणारा माणूस, शिक्षकाच्या गळ्यात घालायचा आणि तिच्या यंत्रात थेट आवाज सोडणारा छोटा माइक, वसतिगृहात आग लागली तर चमकणारा दिवा आणि उशीखाली हादरणारा गजर, हे सगळं विद्यापीठ देणार. गजराचं मला सुचलंच नसतं. झोपताना यंत्रं काढलेली असतात.

माणसानं टंकलेले थेट मथळे मात्र ‘विचाराधीन’. लेखी कळवतो म्हणाल्या.

दौंडच्या मुलाला मार्गदर्शक प्राध्यापक मिळालेत, शिष्यवृत्ती अजून नाही. तो सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार आहे. पुण्यात जगभरची मुलं शिकायला येतात. चाकाच्या खुर्चीतली आफ्रिकन मुलगी उद्या इथं प्रवेश मागू लागली तर आपल्या किती कॉलेजांकडे असा कक्ष आहे, असं त्यानं मला विचारलं. समान संधी कक्ष कागदावर पुष्कळ आहेत. आमच्या कॉलेजचा निदान या जूनपर्यंत कागदावरून उतरवायचा, हे मी त्याला कबूल केलंय. प्राचार्यांकडे उद्या वेळ मागितलीय.


शिरूर, मंगळवार, ११ मार्च

लेखी उत्तर आलं. मथळ्यांचा खर्च व्याख्यानांपुरता विद्यापीठ करणार. मृदाशास्त्राच्या अभ्यासक्रमात शेतावरची शिबिरं आहेत, तिथं वारा, उघडं रान, प्राध्यापक खड्ड्यात उतरून मातीचे थर दाखवत बोलणार. त्याबद्दल पत्रात एक शब्द नाही. तिला सगळ्यात जास्त शिकायचंय ते नेमकं त्या खड्ड्यात.

संध्याकाळी तिघांनी मिळून उत्तर लिहिलं. दौंडचा मुलगा फोनवर होता. मागण्या अशा: शिबिराची टिपणं आणि नकाशे आठवडाभर आधी मिळावेत. गळ्यातला माइक शेतावरही न्यावा, त्याला वाऱ्याची टोपी असावी. प्राध्यापकांनी आधी दाखवावं, मग तिच्याकडे तोंड करून बोलावं, दोन्ही एकाच वेळी नको. मोबाइलवर मथळे चालतील असं ठिकाण आहे का ते आधी तपासावं, नसेल तर टिपणं घेणारा माणूस बरोबर द्यावा. चौथी मागणी त्याची; तो म्हणाला, “नेटवर्क नसतं हे त्यांना दौंडवाल्यानंच सांगायला पाहिजे.” शेवटी तिनं स्वतः जोडलं की चोपण जमिनीचा खड्डा तिनं घरी अनेकदा खणलाय, त्याचे फोटो आणि थरांची मोजमापं सोबत पाठवत आहे, म्हणजे तिला काय येतं तेही त्यांना कळेल.

पत्र साडेआठला गेलं. ठेव भरायची मुदत ३१ तारखेची आहे. त्यांचं उत्तर आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, असं वडिलांनीच सांगितलं.